चहाला उकळी येईपर्यंत

एनोस दवाखान्यातून घरी आला, पण आवाज तिथेच ठेवून आला. घशात गाठ होती. किसुमू शहरातल्या डॉक्टरांनी ती पाहिली, आणखी मोठ्या डॉक्टरांना दाखवली आणि शेवटी सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. आमच्या मारागोलीत या सांगण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

हेझ्रॉन केळ्यांचा घड खांद्यावर टाकून, ओढा उतरून, समोरच्या टेकडीवर त्याला भेटायला गेला. दोघं एकाच वयाचे, एकाच हंगामात सुंता झालेले. एका सुरीखालून गेलेली माणसं आमच्याकडे सख्ख्या भावाहून जवळची. सख्ख्या भावाशी बांधावरून भांडता तरी येतं, या भावाशी तेही शोभत नाही. त्यात या दोघांचं आणखी एक नातं होतं. तरुणपणी हेझ्रॉन गिटार वाजवायचा आणि एनोस बाटली.

बाटली म्हणजे फँटाची, जुनी, काचेची, अंगावर वळ्या असलेली. त्या वळ्यांवरून खिळा ओढायचा आणि मध्येच एक टोला द्यायचा. एवढ्यावर लग्नाच्या मांडवातल्या म्हाताऱ्यासुद्धा कंबर हलवायला उठायच्या. या जोडीची एक रीत होती. बाटली आधी सुरू व्हायची, गिटार मागून यायची. दुसरे गिटारवाले यावरून हेझ्रॉनला चिडवत, "काय रे, बायको आधी जेवते वाटतं तुमच्या घरात?" पण त्याला बाटलीशिवाय सुरुवातच करता यायची नाही, आणि करायची गरजही कधी पडली नाही.

मग गावात तारणाची सभा आली, जुनं पाप सोडा आणि देवाला धरा म्हणणारी. हेझ्रॉनचं नुकतंच लग्न झालं होतं, मन मऊ होतं. त्याचंही तारण झालं. प्रार्थनाघरापुढे ढोल, तंबाखूच्या चिलमी आणि गिटारी यांची होळी पेटली, तीत त्यानं आपली गिटार स्वतःच्या हातानं टाकली. तारा तुटताना आवाज झाला तो त्याला नंतर कितीतरी वर्षं ऐकू यायचा, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो गवंडी झाला. उजव्या हातात हातोडा, डाव्या हातात दगड, असं आयुष्य गेलं. एनोसचं तारण काही झालं नाही. पण गिटारच नाही तर बाटलीचं करायचं काय? त्याच्या बायकोनं, रेस्पानं, तीत रॉकेल भरून ठेवलं.

तर हेझ्रॉन केळी घेऊन गेला. एनोस भिंतीला टेकून बसला होता. गळ्याभोवती मफलर, आणि अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका मोठा झालेला. हेझ्रॉननं एकदा पाहिलं आणि लगेच नजर केळ्यांकडे वळवली.

एनोसनं हाताची खूण करून त्याला जवळ बोलावलं. नुसती हवा बोलावी तसं तो बोलला, "वाजव माझ्यासाठी."

"काय वाजवू? थाळी?"

"गिटार."

"अरे लेका, ती जळून तिची राखसुद्धा उडून गेली. आणि ही बोटं बघ." हेझ्रॉननं डावा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट हातोड्याखाली सापडून वाकडं झालेलं, बाकीची दगडासारखी निबर. "यांना आता मीठसुद्धा चिमटीत येत नाही."

"मी मेल्यावर ते वाजवतील," एनोस म्हणाला, "भजनवाले येतील, मोठा स्पीकर येईल. मला काय ऐकू येणार? आधी ये. आपलं ते ओढ्याचं गाणं."

ओढ्याचं गाणं त्यांनी दोघांनी मिळून रचलं होतं. दोन टेकड्यांवरचे दोन गडी, मधे ओढा, आणि एकाला दुसऱ्याच्या घरी जेवायला जायचं आहे पण पूर आलाय, एवढीच गोष्ट होती. लोक हसायचे त्या गाण्याला.

"बोटं चालायला लागली की येतो," हेझ्रॉन म्हणाला.

"कसाही ये," एनोस म्हणाला. पण तोवर हेझ्रॉन उठला होता, आणि ते तेवढं त्याच्या कानात शिरलं नाही.

हेझ्रॉनची मुलगी कगेहा नैरोबीला असते. तिनं आपल्या लेकासाठी गिटार घेतली होती, ती कपाटावर धूळ खात पडली होती. तिनं बसमधून पाठवून दिली. एक खुंटी तुटलेली होती, ती पकडीनं पिळावी लागे. हेझ्रॉननं सूर चढवायला तारांवर आडवी पेन्सिल ठेवून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दांड्याला बांधली, जुन्या लोकांसारखी. मग तो चुलीजवळच्या स्टुलावर बसला.

त्याची बायको ट्रुफेना चहाचं पातेलं ठेवत होती. बाई चर्चच्या महिला मंडळात पुढे, आणि तोंडानं फटकळ.

"कगेहाचे बाबा, हे काय नवीन?"

"एनोसनं मागितलंय."

तिनं पातेलं चुलीवर टेकवलं. मग म्हणाली, "तारण माझंही झालंय. देवाला त्रास झाला तर तो त्याचं बघून घेईल. मला होणारा त्रास मी सांगते. माझ्या चहाला उकळी येईपर्यंत वाजवा. पातेलं उतरलं की गिटार खाली. दिवसभर मांजर पिळल्यासारखा आवाज मला नको."

तेव्हापासून ते तसंच सुरू झालं. संध्याकाळी पातेलं चुलीवर चढलं की हेझ्रॉन अंगठा तारेवर ठेवायचा. आमची वाजवण्याची तऱ्हा दोन बोटांची. अंगठा खालच्या सुरांत चालत राहतो, आणि पहिलं बोट वरच्या तारांवर गाणं म्हणतं. ही दोघं वेगवेगळी चालायला शिकली की अर्धं काम झालं. पण हेझ्रॉनची दोघं बैल एका जुवाला बांधल्यासारखी बरोबरच उचलायची. आणि डाव्या हाताचं तर विचारूच नका. तार दाबायला जावं तर वाकडं बोट शेजारच्या तारेवर जाऊन बसे. चहा उकळे, ट्रुफेना पातेलं उतरवी, आणि तो घामानं भिजलेला उठे. तरी काहीतरी हलत होतं. काही दिवसांनी अंगठा आपला आपण चालायला लागला. आणखी काही दिवसांनी पहिल्या बोटानं गाण्याची सुरुवात तेवढी पकडली.

"चहाला हल्ली फार वेळ लागतो," तो एकदा म्हणाला. "लाकडं ओली आणतेस काय?"

"मिळतात ती आणते," ट्रुफेना म्हणाली, आणि फुंकणीनं जाळ करायचा सोडून ती कांदा चिरत बसली.

पण हात हळू शिकत होता आणि एनोसचं दुखणं भरभर चाललं होतं. हेझ्रॉनच्या अंगणातून समोरच्या टेकडीवरचं एनोसचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. संध्याकाळी रेस्पाच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला की तो मनाशी म्हणायचा, चहा होतोय, म्हणजे गडी अजून पितोय. त्या धुरावर तो निश्चिंत राहायला शिकला. तिकडे मात्र तो गेला नाही. बोटं चालायला लागली की येतो, असं सांगून बसला होता ना. आता हात हलवत जायचं तर काय तोंड दाखवायचं, असं तो स्वतःला बजावायचा. खरं कारण वेगळं होतं. तो मफलर आणि तो मोठा झालेला सदरा पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती. आणि हे कारण त्याला पुरतं ठाऊक होतं.

मोटारसायकलवर सवारी नेणारा पोरगा अंबानी एकदा फाटकापाशी थांबला. हेझ्रॉनला तो गुगा म्हणायचा, म्हणजे आजोबा. "गुगा, एनोस म्हातारबा विचारत होते, हेझ्रॉन काय करतोय म्हणून."

"सांग त्याला, थोडंच राहिलंय. येतोच."

"मागल्या वेळीही मी हेच सांगितलं, गुगा."

"मग पुन्हा सांग! तुझ्या जिभेची काय झीज होते?" हेझ्रॉन खेकसला. अंबानी निघून गेला, आणि हेझ्रॉनला त्या दिवशी चहा कडू लागला.

मग ट्रुफेना महिलांच्या मोठ्या सभेला कैमोसीला गेली. घरात कुणी नाही, पातेलं नाही, उतरवणारं कुणी नाही. हेझ्रॉनच्या मनात आलं की एवढ्या दिवसांत सगळी कसर भरून काढावी. तो सकाळी गिटार घेऊन बसला तो ऊन कलंडेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. गाणं पहिल्यापेक्षा वाईट निघायला लागलं तसा तो जास्त चिडून दाबायला लागला. जुन्या गंजक्या तारेनं बोटाचं टोक कापलं, त्यात चिखल गेला की काय कोण जाणे, बोट सुजून पावट्याच्या शेंगेसारखं टम्म झालं. ट्रुफेना परत आली तेव्हा तो हात छातीशी धरून बसला होता.

तिनं एक शब्द न बोलता त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सनं बोट चिरून पू काढला, पट्टी बांधली आणि काही दिवस हात जपा म्हणून सांगितलं. परतताना वाटेत मात्र ट्रुफेनाचं तोंड सुटलं.

"चहापुरतं वाजवत होतात तर येत होतं ना? मग ही अक्कल कुठून सुचली?"

"त्याच्याकडे वेळ नाहीये, ट्रुफेना."

"म्हणून तर म्हणते. मग जा ना! आज जा. पट्टी बांधलेला हात घेऊन जा."

"गाण्याशिवाय?"

ती रस्त्यातच थांबली. "त्यानं गाणं मागितलं की तुम्हाला मागितलं? तुम्ही बोटांना घाबरत नाही आहात, कगेहाचे बाबा. तुम्ही त्याचा चेहरा बघायला घाबरताय."

हेझ्रॉनला एवढा राग आला की तो तिच्या पुढे निघून गेला.

पट्टी सुटल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. फक्त आता तो उकळीच्या पुढे एक सूरही वाजवत नव्हता. आणि हळूहळू, त्याचं त्यालाच खरं वाटेना, पण गाणं आलं. तरुणपणी ते गाणं ओढ्यासारखं उड्या मारत जायचं. आता म्हाताऱ्यासारखं काठी टेकत येत होतं. मधल्या वळणावर, जिथं वाकड्या बोटाला लांब जावं लागे, तिथं ते दर वेळी अडकायचं.

एका दुपारी तो गिटार पाठीला बांधून निघाला. ओढ्यापर्यंत आला. दगडांवर पाय ठेवून पलीकडे जायचं एवढंच राहिलं होतं. तिथं बसून, जाण्याआधी एकदा वाजवून बघू म्हणून त्यानं गिटार काढली. वळणावर बोट अडकलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा अडकलं. वर एनोसच्या घराकडे जाणारी पायवाट दिसत होती. एनोस पूर्वी वेगानं वाजवायचा, पाठीमागे मधमाश्या लागल्यासारखा. त्या वेगात हे असलं लंगडं गाणं कसं बसणार? मरणाऱ्या माणसापुढे शेवटचं म्हणून हे वाजवायचं? हेझ्रॉननं गिटार पुन्हा पाठीला बांधली. उद्या येऊ, म्हणाला. आणि चढ चढून घरी गेला.

तो उद्या पुढे ढकलत गेला. मग एका संध्याकाळी ट्रुफेनानं पातेलं चढवलं, हेझ्रॉननं सवयीनं दारातून समोर पाहिलं, आणि एनोसकडचा धूर स्वयंपाकघरातून येत नव्हता. अंगणातून येत होता. आमच्याकडे घरधनी गेला की अंगणात मोठ्या ओंडक्यांचा विस्तव पेटवतात, प्रेत पुरलं जाईपर्यंत तो विझू देत नाहीत. नंतर बायकांचं रडणं ऐकू आलं. तो स्टुलावर बसूनच राहिला. चहा उकळला, उतू गेला, चूल विझली. ट्रुफेनानं पातेल्याला हात लावला नाही.

पुरताना सगळं एनोसनं सांगितलं तसंच झालं. भजनवाले आले, मोठा स्पीकर आला, तंबूखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. वयाचा सोबती म्हणून हेझ्रॉनला पुढं बसवलं आणि चार शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि एनोस चांगला माणूस होता असं काहीतरी पुटपुटून खाली बसला. रेस्पानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मूठभर माती टाकताना त्याला स्वतःचीच घृणा आली.

नंतर लोवेगोचा दिवस आला. पुरल्यावर काही दिवसांनी घरचे डोकी भादरतात, माणसं जमतात आणि गेलेल्याचं देणं-घेणं उघड्यावर बोलून मिटवतात. मनात ठेवून कुणी उठायचं नाही, अशी रीत. कुणाची कुदळ एनोसकडे राहिली होती. एकानं, त्याच्या बकऱ्यानं माझं रताळ्याचं वावर खाल्लं होतं, असं काढलं, तेव्हा लोक हसले आणि त्याला खाली बसवलं. गावचे पंच मिसिगो विचारत होते, "आणखी कुणाचं काही? एनोसचं कुणाकडे काही?"

रेस्पा उभी राहिली. तिचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं, त्यामुळे ती अचानक फार म्हातारी दिसत होती.

"हेझ्रॉन भावजींकडे माझ्या माणसाचं एक गाणं येणं आहे," ती म्हणाली.

माणसं हेझ्रॉनकडे वळून बघायला लागली. हेझ्रॉनला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

मिसिगो खाकरले. "खरं आहे काय, हेझ्रॉन?"

"खरं आहे."

"मग देणार कधी?"

"ज्याचं त्याला देता आलं नाही," हेझ्रॉन म्हणाला. "आता कुणाला देऊ?"

"मला," रेस्पा म्हणाली. "माणसाचं येणं बायकोकडे येतं. असंच ना, मिसिगो बाबा?"

मिसिगोंनी मान डोलावली. मागच्या खुर्च्यांतून ट्रुफेना उठून आली. तिच्या हातात, बायका कमरेला बांधतात त्या लेसोच्या कापडात गुंडाळलेली गिटार होती. ती घरून निघतानाच घेऊन आली होती आणि नवऱ्याला तिनं त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

हेझ्रॉननं गिटार मांडीवर घेतली. पेन्सिल नीट बसवली, लेसोतच ठेवलेल्या पकडीनं खुंटी पिळली. अंगठा तारेवर ठेवला. आणि थांबला. लोक वाट बघत होते, तोही वाट बघत होता. तो कशाची वाट बघतोय हे त्याला उशिरा कळलं. एवढे दिवस स्वयंपाकघरात एकटाच वाजवत होता, तिथं पातेलं चढल्याचा आवाज झाला की हात निघायचा. पण इथं, एनोसच्या अंगणात, चारचौघांत, बाटली वाजल्याशिवाय तो हात हलेना.

"बाटली आधी यायची आमच्यात," तो म्हणाला.

"माहीत आहे," रेस्पा म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली आणि बाटली घेऊन आली. तीच, वळ्यांची. आतलं रॉकेल ओतून ती धुवून चकचकीत केलेली होती. दुसऱ्या हातात खिळा होता.

"ही कधी धुतलीस?" कुणीतरी विचारलं.

"मी नाही धुतली. यांनीच धुतली, दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी." ती हेझ्रॉनकडे वळली. "रोज संध्याकाळी चुलीजवळ बसायचे, भावजी. मी चहा ठेवला की हे बाटली घ्यायचे. समोर तुमच्या घरचा धूर दिसायचा. म्हणायचे, तिकडे हेझ्रॉन बसला असेल, इकडे मी बसतो. मी म्हटलं, बोलावणं पाठवू का? तर म्हणाले, नको, तो मानी आहे, त्याचं त्याला येऊ दे. मी तुम्हाला शिव्या घातल्या, लपवत नाही. शेवटी शेवटी खिळा धरवेना तर चमच्यानं वाजवायचे."

हेझ्रॉन मान खाली घालून रडत होता. त्यानं डोळे पुसले नाहीत, कारण हात तारांवर होते.

रेस्पा त्याच्यासमोर स्टुलावर बसली, बाटली गुडघ्यांत धरली आणि खिळा ओढायला लागली. तिचा हात कच्चा होता, पण ताल पक्का होता. आणि तो फार सावकाश होता. बैलगाडी चढावर जाते तसा.

एनोसचा चुलतभाऊ मागून म्हणाला, "अगं वहिनी, हा कसला ताल? एनोस असा वाजवायचा होय? तो तर उडवायचा!"

"दुखण्यानं हात उचलत नव्हता बिचाऱ्याचा," दुसरं कुणीतरी म्हणालं.

रेस्पानं खिळा थांबवला नाही. "मीसुद्धा सुरुवातीला तेच म्हटलं होतं. म्हटलं, हात दुखतो का, एवढं हळू का वाजवता? तर म्हणाले, माझ्या हाताला काही झालं नाही. हेझ्रॉनची बोटं दगडानं आखडलीत. तो येईल तेव्हा त्याला धावायला लागू नये."

हेझ्रॉननं अंगठा उचलला. त्या तालात त्याचा अंगठा अगदी बरोबर बसला. मग पहिलं बोट वर आलं आणि ओढ्याचं गाणं सुरू झालं, दोन टेकड्या, दोन गडी, मधे पूर. वळणावर वाकडं बोट अडकलं तेव्हा रेस्पाचा खिळा बाटलीवर एक क्षण तसाच टेकून राहिला, आणि बोट पोचल्यावर पुढे निघाला. गाणं संपेपर्यंत तिनं त्याला कुठंही मागे टाकलं नाही.